परदेशातील लाओ जेवण : काय बदलते, कशामुळे बदलते आणि काय मागवावे

प्रश्न थोडक्यात असा आहे : "येत्या मार्चपासून चार महिने मुलीकडे, वॉशिंग्टनजवळ व्हर्जिनियात राहायला जात आहे. थाई उपाहारगृहांत लाप (बारीक चिरलेल्या मांसाचा किंवा माशाचा आंबट-तिखट पदार्थ) आणि कच्च्या पपईची कोशिंबीर खाल्ली आहे व ती आवडली. त्या भागात लाओ उपाहारगृहेही आहेत असे कळते. परंतु लाओसबाहेर मिळणारे लाओ जेवण म्हणजे थाई जेवणाची गोडसर, मिळमिळीत नक्कल असते, असे एका स्नेह्यांनी सांगितले. हे खरे आहे का? मी मासे आणि कोंबडी खातो. गाईचे व डुकराचे मांस खात नाही. काय मागवावे आणि ते नीट केलेले आहे हे कसे ओळखावे?"

व्यावसायिक स्वयंपाकघरांत माझी पंचवीस वर्षे गेली. त्यांतील नऊ वर्षे अमेरिकेतील अशा एका स्वयंपाकघरात गेली की तेथील मुख्य स्वयंपाकीण दक्षिण लाओसमधील सावन्नाखेतच्या होत्या. त्यांच्या हाताखाली मी जे शिकलो आणि पुढे निरनिराळ्या गावांत जे खाल्ले, त्याच्या आधारे लिहितो. तुमच्या स्नेह्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. गोडसर व मिळमिळीत लाओ जेवण परदेशात भरपूर मिळते, हे खरेच आहे. मात्र ते थाई जेवणाची नक्कल आहे हे म्हणणे उलटे आहे. तुम्ही थाई उपाहारगृहात जे दोन पदार्थ आवडीने खाल्लेत, ते दोन्ही मुळात लाओ लोकांचेच आहेत.

यासाठी थोडा इतिहास सांगणे भाग आहे. लाओ भाषा बोलणारे लोक मेकाँग नदीच्या दोन्ही तीरांवर राहत आले. १८२८ मध्ये सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, फौजांनी व्हिएनतियान हे लाओसचे आजचे राजधानीचे शहर उद्ध्वस्त केले आणि तेथील पुष्कळ रहिवाशांना नदीपलीकडे नेऊन वसवले. पुढे १८९३ च्या तहाने फ्रान्स आणि सयाम यांनी ही नदीच सरहद्द ठरवली. त्यामुळे आज लाओस देशात जेवढे लाओ भाषक आहेत, त्यांच्या कितीतरी पट थायलंडच्या ईशान्य भागात, म्हणजे इसान प्रांतात आहेत. इसानमधील माणसे मजुरीसाठी बँकॉकला गेली, सोबत उखळ, चिकट भात आणि आंबवलेले मासे घेऊन गेली. बँकॉकने त्यांची पपई उचलली, तीत शेंगदाणे, सुकी कोळंबी आणि ताडगूळ घातला, आंबवलेले मासे वगळले आणि 'सोम ताम' या नावाने ती जगभर पाठवली. थायलंडच्या सरकारने २००२ पासून परदेशांतील थाई उपाहारगृहांना पाठबळ देण्याची योजनाच राबवली. लाओसच्या मागे असे कोणी उभे नव्हते.

लाओ माणसे परदेशी गेली ती निर्वासित म्हणून. डिसेंबर १९७५ मध्ये राजेशाही संपून पाथेत लाओ या कम्युनिस्ट संघटनेची सत्ता आली, त्यानंतर लक्षावधी लोक नदी ओलांडून थायलंडमधील छावण्यांत पोहोचले आणि तेथून अमेरिका, फ्रान्स, कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथे विखुरले. ज्यांनी पुढे खाण्याचा धंदा सुरू केला, त्यांच्यापुढे पहिला प्रश्न पाटीवर काय लिहायचे हा होता. 'लाओ' म्हटले तर गिऱ्हाइकाला देश कोठे आहे हेच ठाऊक नसे. 'थाई' म्हटले की तो आत येई. म्हणून पाटी थाई, मेनूवर पॅड थाई आणि हिरवी करी, आणि मागच्या बाजूला कर्मचाऱ्यांच्या जेवणासाठी वाफवलेला चिकट भात व आंबवलेल्या मासळीची चटणी, अशी दुहेरी व्यवस्था अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे चालली. मी ज्या स्वयंपाकघरात शिकलो, तेथेही अगदी हेच होते. दुपारी तीन वाजता गिऱ्हाइके गेल्यावर आम्ही जे जेवत असू, त्यातले काहीही मेनूवर नव्हते.

तुम्ही जात आहात त्या भागाला या गोष्टीत विशेष स्थान आहे. सेंग लुआंगरथ या व्हिएनतियानमध्ये जन्मलेल्या आणि निर्वासित छावणीत शेजारणींकडून स्वयंपाक शिकलेल्या बाईंनी २०१० मध्ये व्हर्जिनियातील फॉल्स चर्च येथील 'बँकॉक गोल्डन' हे थाई उपाहारगृह चालवायला घेतले. लाओ पदार्थ आरंभी तेथे मेनूबाहेर, मागणाऱ्यालाच मिळत. मागणारे वाढत गेले, तेव्हा त्यांनी २०१४ मध्ये वॉशिंग्टन शहरात 'तिप खाओ' हे उघडपणे लाओ म्हणवणारे उपाहारगृह काढले आणि २०१७ मध्ये 'बँकॉक गोल्डन'ची पाटी उतरवून तेथे 'पादेक' हे नाव लावले. तिप खाओ म्हणजे चिकट भात ठेवण्याची विणलेली टोपली आणि पादेक म्हणजे आंबवलेली मासळी. ज्या वस्तू एके काळी गिऱ्हाइकापासून लपवाव्या लागत, त्यांचीच नावे दारावर आली; चाळीस वर्षांत काय बदलले हे याहून नेमके मला सांगता येणार नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. एखादा पदार्थ 'अस्सल' आहे का, असे विचारणे मी सोडून दिले आहे, कारण त्या प्रश्नाचे उत्तर कधीच नीट मिळत नाही. पपई आणि मिरची या दोन्ही वस्तू अमेरिका खंडातून लाओसमध्ये पोहोचल्या. व्हिएनतियानच्या रस्त्यावर सकाळी मिळणारा लांबट पाव, ज्याला तेथे 'खाओ जी' म्हणतात, तो फ्रेंच अमदानीची देणगी आहे. बदल लाओसमध्येही होतच आला. मी विचारतो ते एवढेच, की हा बदल जिन्नस मिळत नाही म्हणून केला आहे, सरकारी नियमामुळे केला आहे, की गिऱ्हाईक नाक मुरडेल या धास्तीने केला आहे? टंचाईने किंवा नियमाने झालेला बदल चांगला स्वयंपाकी बहुधा सांभाळून घेतो. धास्तीने झालेला बदल मात्र ताटाची चव बिघडवतो, कारण धास्ती एका पदार्थापुरती थांबत नाही; आंबट, कडू, खारट, उग्र असे सगळेच ती एकेक करून काढून टाकते आणि त्याच्या जागी साखर घालते.

पहिली कसोटी भाताची. लाओ जेवणात भात म्हणजे 'खाओ नियाओ', चिकट भात. या तांदळात अमायलोज नावाचा पिष्टघटक जवळजवळ नसतोच, म्हणून तो पाण्यात शिजवला तर खळ होते. तो रात्रभर भिजवतात, निथळतात आणि 'हुआत' नावाच्या शंकूच्या आकाराच्या बांबूच्या टोपलीत घालून अरुंद तोंडाच्या भांड्यावर वीस ते तीस मिनिटे वाफवतात. मध्ये एकदा सबंध गोळा उलथवतात. वाफ निघून जावी म्हणून तो पाटावर पसरून हलकेच परततात आणि मग तिप खाओत भरतात. नीट झालेला दाणा सुटा दिसतो, दाबला की शेजारच्या दाण्याला धरतो आणि बोटांना मात्र फारसा चिकटत नाही. बोटे चिकट झाली तर भात जास्त भिजला आहे किंवा वाफ आत कोंडली गेली आहे, असे समजावे.

परदेशात या भाताचे हाल का होतात, ते सांगतो. साधा भात विजेच्या कुकरमध्ये चार तास गरम राहतो. चिकट भात उघड्यावर अर्ध्या तासात कडक होतो. अमेरिकेतील अन्न व औषध प्रशासनाच्या नमुना संहितेनुसार शिजवलेले अन्न ५७ अंश सेल्सियसच्या वर किंवा ५ अंशांच्या खाली ठेवावे लागते, म्हणजे लाओसप्रमाणे टोपलीत भरून दिवसभर खुंटीला टांगून ठेवण्याची सोय तेथे नाही. घरोघरी लाओ बायकांनी यावर फार सुरेख तोड काढली : सहलीला बर्फ नेण्यासाठी जो उष्णतारोधक डबा मिळतो, त्यात त्या गरम भात भरून ठेवतात. उपाहारगृहांत भात लहान प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी टोपलीत ठेवलेली तुम्हाला अनेक ठिकाणी दिसेल. बांबूची टोपली धुऊन निर्जंतुक करणे अवघड असल्याने तपासनीसांची हरकत नको, हे त्याचे कारण असते. पिशवी पाहून नाराज होऊ नका; हा नियमाने झालेला बदल आहे. मात्र टोपलीऐवजी न मागताच साधा सुवासिक तांदळाचा मोकळा भात समोर आला आणि चिकट भाताचे वेगळे पैसे मागितले, तर त्या स्वयंपाकघराचा कल कोणीकडे आहे ते तेथेच कळते.

दुसरी कसोटी पादेकची. गोड्या पाण्यातील मासे, मीठ आणि तांदळाचा कोंडा मडक्यात भरून कित्येक महिने, चांगले करायचे असेल तर वर्षभर आणि त्याहूनही अधिक, आंबवत ठेवतात. जे तयार होते ते थाई किंवा व्हिएतनामी फिश सॉसप्रमाणे स्वच्छ, पारदर्शक नसते. ते गढूळ, तपकिरी, माशाचे तुकडे असलेले आणि उग्र वासाचे असते. कोकणातल्या घरात पावसाळ्यासाठी सुकट-बोंबील साठवलेल्या खोलीचा वास ज्याला परका नाही, त्याला पादेकची भीती वाटू नये. लाओ भाषेत 'नुआ' असा एक शब्द आहे. सगळ्या चवी एकत्र येऊन जिभेवर जो भरीवपणा उरतो त्याला नुआ म्हणतात. पादेक काढून टाकले की हा नुआ जातो आणि मग ती पोकळी भरण्यासाठी साखर येते. अमेरिकेतील आशियाई दुकानांत थायलंडहून आलेल्या बरण्या मिळतात, त्यांवर 'आंबवलेला गुरामी मासा' अशा अर्थाचे इंग्रजी लेबल असते. बहुतेक उपाहारगृहे हेच वापरतात, पण जसेच्या तसे नव्हे. ते गवती चहा आणि कुलिंजन घालून उकळतात आणि गाळून घेतात. आमच्याकडे हे काम सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, मागचे दार उघडे टाकून चाले, आणि तरीही शेजारच्या दुकानदाराचा निरोप येतच असे.

येथे माझी एक चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका समारंभासाठी साठ माणसांची पपई करण्याचे काम माझ्याकडे आले. पाहुणे अमेरिकन, म्हणून मी स्वतःच्या शहाणपणाने पादेक वगळले, फिश सॉस आणि साखर वाढवली, पपई यंत्रावर एकसारखी किसली आणि सगळे एका मोठ्या परातीत सकाळीच कालवून ठेवले. संध्याकाळपर्यंत पपईने पाणी सोडले आणि परातीत गोड पाण्यात तरंगणारा कीस उरला. पाहुण्यांनी तक्रार केली नाही. आमच्या मुख्य स्वयंपाकीणबाईंनी मात्र एक घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि "हे कोणासाठी केलेस?" एवढेच विचारले. मला उत्तर देता आले नाही.

'ताम माक हूंग', म्हणजे कुटलेली पपई, हा पदार्थ मागणी आल्यावरच, एका वेळी एक-दोन माणसांपुरता, उखळात केला जातो. कच्ची पपई हातात धरून तिच्यावर सुरीने उभे घाव घालतात आणि मग वरून तासतात, त्यामुळे फोडी कमी-जास्त जाडीच्या होतात. जाड फोड कुरकुरीत राहते, बारीक फोड रस शोषते. मिरच्या, लसूण, पादेक, लिंबू, चेरीएवढे टोमॅटो, कधी चिंच, आणि मोसमात 'माक कोक' हे फळ. हे माक कोक म्हणजे आपल्या गोव्या-कोकणातल्या आंबाड्याचेच भावंड आहे. गोव्यात आंबाड्याचे सासव खाल्लेल्याला ती तुरट-आंबट चव लगेच ओळखता येईल. परदेशात ते ताजे क्वचितच मिळते, म्हणून लिंबाचे प्रमाण वाढते. ही टंचाई झाली. गाजराचा कीस पूर्वी पपई मिळत नसे म्हणून आला आणि आता पपई मिळत असतानाही रंगासाठी टिकून आहे. तो सवयीचा भाग झाला. बाटलीतला लिंबाचा रस मात्र आळसाचा भाग आहे आणि त्याला मी क्षमा करत नाही.

मेनूवर 'ताम लाओ' आणि 'ताम थाई' असे दोन प्रकार स्वतंत्र लिहिलेले असतील तर निश्चिंत मनाने ताम लाओ मागवा. तिखट किती हवे हे विचारताना लाओ माणूस मिरच्यांची संख्या विचारतो, म्हणून 'मध्यम' असे न सांगता 'दोन' किंवा 'तीन' असे सांगावे. आपण मराठी माणसे तिखटाच्या बाबतीत फुशारकी मारतो. पहिल्या दिवशी दोनच सांगा.

लापकडे वळतो. लाओ भाषेत 'लाप' या उच्चाराचा आणखी एक अर्थ भाग्य असा आहे आणि तो शब्द संस्कृतातील 'लाभ'च आहे. म्हणून लग्नात आणि नववर्षाला लाप हवाच. मांस किंवा मासा दोन सुऱ्यांनी लाकडी ठोकळ्यावर बारीक चिरतात, त्यात लिंबू, पादेक, पुदिना, पातीचा कांदा, कोथिंबीर, कुलिंजन आणि 'खाओ खुआ' म्हणजे चिकट तांदूळ कोरडा खरपूस भाजून केलेली भरड पूड घालतात. परदेशी लापमध्ये प्रथम सुरी गेली आणि यंत्राचा खिमा आला, तेव्हा पोत लगदेवजा झाला. मग कडूपणा गेला. लाओसमध्ये मांसाच्या लापमध्ये प्राण्याचे पित्त थोडे घालतात. तो कडवटपणा तेथे गुण मानला जातो, तर पाश्चात्त्य गिऱ्हाईक तो दोष समजून ताट परत पाठवते. मेथी आणि कारले आवडीने खाणाऱ्या आपल्यासारख्यांना खरे तर ही चव समजायला हवी, पण तुम्ही गोमांस खात नसल्याने हा प्रश्न तुमच्यापुढे येणार नाही. तुम्ही 'लाप काई', म्हणजे कोंबडीचा, किंवा 'लाप पा', म्हणजे माशाचा, मागवा आणि ताट समोर येताच आधी वास घ्या. खाओ खुआ त्याच दिवशी कुटलेले असेल तर भाजलेल्या तांदळाचा, आपल्याकडे भाजणी दळून आणल्यावर घरभर पसरतो तशा जातीचा, वास येतो. पाकिटातल्या जुन्या पुडीला धुळीसारखा वास असतो आणि ती दातांखाली वाळूसारखी लागते. माझ्या मते उपाहारगृह ओळखण्याची याहून जलद परीक्षा नाही.

माशाच्या बाबतीत एक सावधगिरी, आणि हिच्यात मी तडजोड करत नाही. मेकाँगच्या खोऱ्यात गोड्या पाण्यातील कच्चे मासे खाल्ल्याने यकृतात चपटे कृमी होतात आणि पुढे पित्तनलिकेचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. ईशान्य थायलंड आणि लाओस या आजारासाठी दुर्दैवाने प्रसिद्ध आहेत. परदेशातील उपाहारगृहांत लाप पा बहुधा शिजवूनच देतात, तरी विचारून घ्यावे. 'सुक' म्हणजे शिजवलेले आणि 'दिप' म्हणजे कच्चे, हे दोन शब्द लक्षात ठेवा. पादेकही उकळलेलेच खावे.

तुमच्यासाठी मला सर्वांत योग्य वाटणारा पदार्थ 'मोक पा' आहे. मासा, वाटलेला चिकट तांदूळ, गवती चहा, छोटे कांदे आणि भरपूर शेपू केळीच्या पानात बांधून वाफवतात. होय, शेपूच, थाई लोक शेपूला 'लाओ कोथिंबीर' या अर्थाच्या नावाने ओळखतात, इतकी ती भाजी लाओ स्वयंपाकाशी जोडलेली आहे. आपल्याकडे शेपू म्हटले की निम्मे घर तोंड वाकडे करते, पण माशाबरोबर ती काय करते हे एकदा पाहावे. परदेशात पान गोठवलेले मिळते आणि मासा नदीतल्याऐवजी तिलापिया, मांगूर किंवा कॉडसारखा समुद्री असतो. हे बदल पदार्थ सहज पचवतो. नारळाचे दूध घालून केलेला दाट, गोड मोक समोर आला तर मात्र तो कंबोडिया-थायलंडच्या पद्धतीकडे झुकलेला आहे असे समजा. चव वाईट नसते, पण ती वेगळी वस्तू आहे.

'खाओ पियाक सेन' हा कोंबडीच्या रश्शातील जाड, ओल्या शेवयांचा पदार्थही मागवा. शेवया तांदूळ आणि टॅपिओकाच्या पिठाच्या असतात व रस्सा त्यांच्याच पिठाने किंचित दाट होतो. हा घरगुती, आजारपणात खायचा पदार्थ आहे, आणि मेनूवर त्याचे नाव असणे हीच स्वयंपाकघरात लाओ माणूस असल्याची जवळजवळ खात्री होय. 'नाम खाओ' हा पदार्थ अमेरिकेत फार लोकप्रिय झाला आहे : मसाला लावलेल्या भाताचे गोळे खरपूस तळून, मोडून, त्यात आंबवलेले डुकराचे मांस, शेंगदाणे आणि लिंबू घालून पानांत गुंडाळून खातात. 'सोम मू' हे मांस स्वयंपाकघरातच आंबवायचे तर आरोग्य खात्याची खास परवानगी लागते, म्हणून पुष्कळ ठिकाणी व्हिएतनामी कारखान्यातले तयार मांस वापरतात. तुम्ही ते वगळून देतील का हे विचारा. कुरकुरीत भातामुळे मांसाशिवायही तो चांगला लागतो.

उत्तर लाओसमधील लुआंग प्राबांग शहराचे पदार्थ परदेशात सर्वांत कमी पोहोचले आहेत. 'ऑ लाम' या तेथील रश्शात 'सा खान' नावाच्या मिरवेलीच्या जातीच्या वेलाचे लाकडी तुकडे घालतात, ज्यांनी जीभ किंचित बधिर होते. त्याला पर्याय नाही, आणि मिरपूड घालून वेळ मारून नेलेला ऑ लाम न खाल्लेला बरा. नदीतल्या शेवाळाचे तीळ लावून वाळवलेले 'काइपेन' मात्र पापडासारखे हलके आणि टिकाऊ असल्याने प्रवास चांगला करते. ते 'जेओ बोंग' या मिरचीच्या गोडसर, दाट चटणीबरोबर देतात. त्या चटणीत म्हशीच्या कातडीचे तुकडे असतात, हे तुम्हाला आधी ठाऊक असलेले बरे. तुम्ही भाजलेल्या टोमॅटोची 'जेओ माक लेन' मागवा.

गावागावांतील फरकाविषयी थोडे. पॅरिसच्या तेराव्या विभागात 'लाओ लान सांग' यांसारखी जुनी उपाहारगृहे आहेत. नावाचा अर्थ दहा लाख हत्ती, हे जुन्या लाओ राज्याचे नाव. तेथील मेनूवर लाओ, व्हिएतनामी आणि थाई पदार्थ शेजारी शेजारी असतात, कारण फ्रेंच इंडोचायनातून आलेली कुटुंबे स्वतःच तशी मिश्र होती. ती सरमिसळ मी भेसळ मानत नाही. सिडनीच्या फेअरफिल्ड भागात 'सोंग फांग खोंग' नावाचे उपाहारगृह आहे, म्हणजे 'मेकाँगचे दोन्ही तीर', आणि लाओ-इसान हा वाद त्या तीन शब्दांत मिटवलेला आहे. ऑस्ट्रेलियात पपई आणि बहुतेक पाला देशातच पिकतो, म्हणून तेथील ताम मला अमेरिकेतल्यापेक्षा उजवी वाटते. मिनेसोटात जाणे झाले तर सेंट पॉलच्या बाजारांत ह्मोंग लोकांच्या खाण्याच्या रांगा आहेत. ह्मोंग लोकही लाओसमधूनच आले, पण ते डोंगरी, वेगळ्या भाषेचे लोक. त्यांचे रोजचे जेवण साधे, उकडीचे आणि लाओ जेवणापेक्षा सौम्य असते. त्या दोहोंना एक समजू नये.

अमेरिकेत वाढलेली पुढची पिढी आता वेगळ्याच कारणाने बदल करते. न्यू यॉर्कमध्ये २०१३ साली 'खे-यो' काढणारे सोलायफेत श्वाडर लाओसमध्ये जन्मले आणि कॅन्ससमधील विचिटात वाढले. त्यांच्या वयाचे स्वयंपाकी इटालियन, फ्रेंच स्वयंपाकघरांत तयार झाले, म्हणून ते लाओ चवीला महागडे मांस आणि नेटकी मांडणी जोडतात. यात धास्ती नसते. उलट पादेक ते अधिक धीटपणे घालतात. माझी कुरकूर एवढीच, की पदार्थ एकेक करून, पाश्चात्त्य क्रमाने वाढले जातात. लाओ जेवण सगळे एकदम येते. भात हातात घेऊन त्याचा लहान गोळा दाबायचा आणि त्याने चटणी, मग लाप, मग रस्सा असे फिरत राहायचे. आपण हाताने जेवत असलो तरी आपल्यासारखे कालवायचे नाही. भाताचा गोळा हेच तेथे भाकरीच्या तुकड्याचे काम करतो. म्हणून मागणी देतानाच सगळे एकत्र आणा असे सांगावे.

मुलीच्या घरी कोणी शाकाहारी असेल तर 'बो साय पादेक, बो साय नाम पा', म्हणजे पादेक नको, फिश सॉस नको, असे स्पष्ट सांगावे लागेल, कारण मेनूवरील 'भाज्यांची' ताम किंवा अळिंब्यांचा लापही बहुधा त्यांच्यासह केलेला असतो. मार्चमध्ये जात आहात तर एप्रिलच्या मध्यावर लाओ नववर्ष येईल. व्हर्जिनियातील लाओ बौद्ध मंदिरांत त्या दिवसांत बायका उखळे घेऊन बसतात, आणि तेथे गिऱ्हाईक बहुतांशी लाओच असल्याने चवीत कोणाची धास्ती बाळगलेली नसते. उपाहारगृहात जायचे तर शनिवार-रविवारी दुपारी जा, आणि लाओ कुटुंबे काय खात आहेत ते पाहून तेच मागा. पदार्थ आवडला तर 'सेप' म्हणा; थाई लोक यासाठी 'अरॉय' म्हणतात, आणि 'सेप' ऐकल्यावर मेनूबाहेरचे काहीतरी टेबलावर आलेले मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे.

चिकट भात उरला तर टाकू नका, बांधून घ्या. दुसऱ्या दिवशी हात ओला करून त्याच्या जाडसर वड्या थापा, मीठ लावून तव्यावर मंद आचेवर भाजा, बाहेरून कडक झाल्या की फेटलेल्या अंड्यात बुडवून पुन्हा भाजा. यालाही लाओ लोक खाओ जीच म्हणतात. मुलीच्या घरी आलेली मिरचीची एखादी चटणी असेल तर तिच्याबरोबर नातवंडांना द्या.